सतरा नंबरची चाचणी

काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात ओटी नावाच्या रसायनाचे थेंब टाकले की पाण्यातलं क्लोरीन लपून राहत नाही. थेंब पडतो तिथून लिंबाच्या सालीच्या रंगाची एक रेघ खाली उतरते. नळी हलवली की ती विरघळते आणि सगळं पाणी फिकट पिवळं होतं. त्या सकाळी सुतार गल्लीच्या टोकाला असलेल्या नळाचं पाणी घेऊन मी थेंब टाकले, तेव्हा रेघ उतरली नाही. नळी हलवली. मागे पांढरा कागद धरून पाहिलं. पाणी होतं तसंच राहिलं.

"रंग शोधू राहिल्या का मॅडम?" मागून आवाज आला. "नाही यायचा. मी कालच सगळ्या गल्लीला सांगितलं."

मी वळले. 'कोठावदे मेडिकल'च्या पायरीवर एक बाई उभ्या होत्या. पन्नाशी ओलांडलेली, चष्मा कपाळावर ढकललेला, काखेत ओआरएसच्या पुड्यांचं खोकं. या प्रमिला कोठावदे. आमची नगरपरिषद त्यांच्यावरच पोलिसांत तक्रार करायच्या तयारीत होती.

"तुम्ही खांबेटे मॅडम ना? पाणी तपासणाऱ्या?"

"हो."

"मग बरं झालं. आतापर्यंत जे आले ते माझा मोबाइलच तपासत होते."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा निंबसरीच्या नव्या पाणी योजनेवर रसायनतज्ज्ञ म्हणून होते. गावभर खांबांवर पेट्या बसवल्या होत्या. पेटीतलं यंत्र त्या ठिकाणचं पाणी तपासून आकडे पाठवायचं, आणि ते आकडे नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता यायचे. निदान तसं ठरलं होतं. पहिल्या बारा पेट्यांची पानं लोकांसाठी उघडी होती. पुढच्या पेट्या बसल्या होत्या, चालू होत्या, पण कंपनीने त्या अजून आमच्या ताब्यात दिल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांच्या आकड्यांकडे कोणी पाहत नव्हतं. कंपनी म्हणायची, ताबा दिल्यावर पाहा. आम्ही म्हणायचो, ताबा मिळाल्यावर पाहू.

"तुम्ही ते पान उघडलंत कसं?" मी विचारलं.

"सगळ्यांना तेच विचारायचंय. का उघडलं, ते कोणी विचारत नाही." त्यांनी खोकं पायरीवर ठेवलं. "अहो, जुलाबाच्या गोळ्या घ्यायला येणारी सगळी माणसं सुतार गल्लीचीच. चौकातलं एकही नाही. लग्नकार्य नाही, भंडारा नाही. मग एका गल्लीचीच पोटं कशी बिघडली? तो बघा तुमचा खांब. पेटीवर पिवळ्या रंगात नंबर तुम्हीच लिहिलाय ना? सतरा. मी तुमचं पान उघडलं, तर बारापर्यंतच. मग वर पत्ता असतो त्या पट्टीत शेवटी बारा होतं, तिथे सतरा केलं. उघडलं. क्लोरीन शून्य. आदल्या दिवशी शून्य. त्याच्या आदल्या दिवशीही शून्य. फोटो काढला, गल्लीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, पाणी उकळून प्या. झाला गुन्हा."

"पासवर्ड विचारला होता का कुठे?"

"विचारला असता तर काय सांगितलं असतं मी? मला माझ्या बँकेचा आठवत नाही."

गल्लीतून सायकलवर जाणाऱ्या एका माणसाने ओरडून विचारलं, "मावशी, जामीन झाला का?" त्यांनी त्याला हातानेच उडवून लावलं.

"मी आणखी एक नमुना घेते," मी म्हणाले.

"घ्या. पाणी फुकट आहे."

नगरपरिषदेच्या दारात मोठा पडदा लावलेला होता. आदल्या दिवसापर्यंत त्यावर गावाच्या पाण्याचे आकडे फिरायचे. कर भरायला आलेली माणसं घटकाभर उभी राहून पाहायची. आता त्यावर फक्त 'देखभाल सुरू आहे' एवढंच होतं.

प्रकल्पाचे प्रमुख बाविस्कर साहेब होते. भास्कर बाविस्कर. सगळी नोकरी पाइपांत गेलेला माणूस. निवृत्ती जवळ आली होती. मी दोन्ही नळ्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी काही न विचारता टाकीवर फोन लावला.

"रमजान, क्लोरीनचा डोस वाढव. सुतार गल्लीची लाइन सोड आणि धुऊन काढ. नाही, आत्ता. चहा नंतर." मग फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "गटारीजवळचा जोड असणार. मी तेव्हाच म्हणालो होतो, तिथे लोखंडी पाइप टाका."

जोड तोच निघाला. दुपारपर्यंत तो बदलला आणि दुसऱ्या दिवशी सुतार गल्लीच्या पाण्यात रंग आला. बाविस्कर साहेबांबद्दल कोणी काही म्हणालं तर मला अजूनही आधी हेच आठवतं.

पण त्या दिवशी खोलीत शेवडेही बसलेले होते. ओंकार शेवडे, पुण्याच्या कंपनीचे प्रकल्प व्यवस्थापक. चाळिशीचा, नीटनेटका, सतत घड्याळाकडे पाहणारा माणूस.

"पाणी खराब होतं," मी म्हणाले. "त्या बाईंनी वाचलं ते खरं होतं."

"तो प्रश्नच वेगळा आहे मॅडम," शेवडे म्हणाले. "ताब्यात न दिलेल्या प्रणालीत बाहेरची व्यक्ती शिरली. असं काही कळलं की सहा तासांच्या आत वर, सरकारकडे कळवायचं, असा नियम आहे. नाही कळवलं तर मीच अडकतो. मी कळवून टाकलं. अनधिकृत प्रवेश."

"शिरायला दार लागतं. दार कुठे होतं?"

"मला कळतंय हो." त्यांनी डोळे चोळले. "पण जिथे हे भरायचं असतं ना, तिथे 'दार नव्हतं' असा रकानाच नाही."

बाविस्कर साहेब म्हणाले, "बसा मॅडम. पूर्ण ऐका."

ऐकलं ते असं. एकदा अनधिकृत प्रवेश असं वर गेलं की पोलिसांत तक्रार हवी. तक्रार झाली की कंत्राटातलं एक कलम लागू होतं. पूर, दंगल आणि सायबर हल्ला अशा कोणाच्या हातात नसलेल्या कारणांनी काम अडलं, तर मुदत वाढते. आमचं काम त्याआधीच मागे पडलेलं होतं. पाहणीचं पथक येणार होतं. मुदत वाढली नाही तर योजनेचा दुसरा टप्पा रद्द होणार होता, आणि दुसरा टप्पा म्हणजे नाल्यापलीकडची वस्ती.

"आणि तक्रार तुमच्या नावाने जायला हवी," शेवडे म्हणाले.

प्रकल्पाच्या कागदात संगणक प्रणालीची 'प्रभारी' म्हणून माझं नाव होतं. तिथे कोणाचं तरी नाव लागत होतं आणि अभियंत्यांपैकी कोणालाच ते नको होतं. मला कोणी विचारलं नव्हतं. आता कळलं की कायद्यात नेमका हाच शब्द आहे. मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून जो कोणी. शेवड्यांनी मसुदा पुढे केला. त्यात एकच वाक्य महत्त्वाचं होतं : 'सदर महिलेस मी कोणतीही परवानगी दिलेली नव्हती.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं. मी खरोखरच परवानगी दिलेली नव्हती. प्रमिला कोठावदे हे नावही मला आदल्या दिवशीच कळलं होतं.

"उद्या सांगते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाविस्कर साहेब मला जीपमधून नाल्यापलीकडे घेऊन गेले. वस्तीच्या तोंडाशी निळे पाइप रचून ठेवले होते. त्यांच्यावर कपडे वाळत होते. टँकर नुकताच येऊन गेला होता आणि सांडलेल्या पाण्यात दोन बाया हंडे घासत होत्या.

"साहेब, पाइप तर आले," त्यातली एक म्हणाली. "पोरीचं लग्न ठरू राहिलं. पाव्हण्यांना सांगू का, घरी नळ आहे म्हणून?"

"सांगा वहिनी. मांडवाआधी नळ."

"मागच्या पोरीच्या वेळी पण तुम्हीच होते."

"म्हणून तर या वेळी जास्त लाजतोय."

ती खळखळून हसली. जीपमध्ये बसल्यावर साहेबांनी किल्ली फिरवली. मग म्हणाले, "सुनेत्राताई." कामाच्या ठिकाणी त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती. "एका बाईला कोर्टाच्या दोनचार तारखा. तिला काही होणार नाही. मी स्वतः बघेन. आणि इकडे हे."

"कायद्याच्या त्या कलमात तीन वर्षांची शिक्षा आहे."

"होत नसते हो."

"आणि मेडिकलचं लायसन्स? गुन्हा दाखल आहे का, असं विचारत असतील ना नूतनीकरणाला?"

"तुम्ही एवढं सगळं शोधून ठेवलंय, तर हेही सांगा, या वहिनीला मी काय सांगू?"

त्यांनी मला धमकावलं असतं तर मी तिथल्या तिथे नाही म्हटलं असतं. त्यांनी फक्त जीप वळवली.

मी रोज 'उद्या' म्हणत राहिले. शेवडे रोज मसुदा घेऊन यायचे आणि परत न्यायचे. पुण्याहून त्यांना फोन यायचे, तेव्हा ते व्हरांड्यात जाऊन हळू बोलायचे. एकदा मला म्हणाले, "मॅडम, माझी मुलगी दहावीला आहे. सांगण्याचं कारण काही नाही. उगीच सांगितलं." आणि निघून गेले.

मधल्या काळात मी माझ्या नेहमीच्या फेऱ्या करत होते. पडदा बंद होता, त्यामुळे नळावर जाऊनच पाहावं लागायचं. अशीच एकदा तांबट आळीत गेले. नळ सोडला तर पाणी गढूळ, चहाच्या पहिल्या धारेसारखं. पाटावर बसून लसूण सोलणाऱ्या आजींना मी विचारलं, "हे आजच आलं का असं?"

"आज कुठलं? सोमवारपासून."

"मग कळवलं नाही कोणाला?"

आजींनी सुनेकडे पाहिलं. सून दारातूनच म्हणाली, "कोणाला कळवायचं? आळीचा ग्रुप तर बंद केला. ज्याने काढला होता तोच घाबरला."

"नगरपरिषदेत यायचं."

"नको बाई. त्या मेडिकलवाल्या मावशीने पाणी उकळा म्हटलं, तर पोलीस दारात. आम्ही गाळून घेऊ राहिलो दोनदा. तुरटी फिरवतो." मग तिला एकदम काहीतरी सुचलं. "मॅडम, तुम्ही आमचं नाव लिहिणार नाही ना?"

"नाही."

"नक्की ना?"

मी बाटली भरून घेतली आणि बाटलीवर घराचं नाव न घालता फक्त आळीचं घातलं.

शेवटी पोलीस ठाण्यातूनच बोलावणं आलं. निरीक्षक गवांदे म्हणून होते. त्यांच्या टेबलाभोवती आम्ही चौघं बसलो. मी, बाविस्कर साहेब, शेवडे आणि जरा लांब, भिंतीला लागून, कोठावदे बाई. त्या दुकानातून तशाच आल्या होत्या. चष्मा आज डोळ्यांवर होता.

गवांदे म्हणाले, "मला हे प्रकरण लवकर मिटवायचंय. माझ्या आईला पण यांच्याच दुकानातून गोळ्या येतात. यांचा जबाब वाचतो, मग मॅडमचं ऐकतो."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. गोळ्या, खांब, पिवळा नंबर, वरच्या पट्टीतला आकडा. मग एका वाक्यावर ते थांबले. "'सदर पानावर मोठ्या अक्षरात चाचणी असे लिहिलेले होते, म्हणून मी ते वाचले.' म्हणजे काय हो बाई?"

"म्हणजे काय म्हणजे?" कोठावदे बाई म्हणाल्या. "चाचणी लिहिलं होतं. लघवीची चाचणी, रक्ताची चाचणी, तशी पाण्याची चाचणी. मला जे पाहिजे होतं तेच होतं ते."

"अहो नाही!" शेवडे खुर्चीतच पुढे सरकले. "चाचणी म्हणजे ट्रायल. अजून चालू झालेलं नाही, वापरायचं नाही, अशा अर्थाने. इशारा आहे तो!"

"इशारा?"

"हो."

"मग ट्रायल लिहायचं ना."

शेवड्यांनी बाविस्कर साहेबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. कंपनीने सगळी पानं इंग्रजीत दिली होती, तेव्हा साहेबांनी हट्ट धरून एकेक शब्द मराठीत करून घेतला होता. गावाला कळलं पाहिजे, म्हणून. 'ट्रायल'वर त्यांनी स्वतःच्या हाताने काट मारून 'चाचणी' लिहिलं होतं, ते मला ठाऊक होतं.

"मी केलं ते," साहेब हळूच म्हणाले. "लोकांना समजावं म्हणून."

"समजलं की मग," कोठावदे बाई म्हणाल्या. "चांगलं समजलं. पण साहेब, मला एक सांगा. तुमची ट्रायल चालू होती, पण पाणी तर खरंच येत होतं ना नळाला? ते पण ट्रायलचं होतं का? आमच्या पोटांवर?"

दारातल्या हवालदाराला हसू आलं. ते दाबायला तो खोकला. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसायला घेतला.

"शब्दाचा अर्थ काहीही लावला, तरी परवानगी नव्हतीच," शेवडे म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट उतरला होता. "साहेब, मी वर कळवून बसलोय. आता मी काय सांगू?"

गवांद्यांनी कागद बाजूला केला. "हे बघा, यांच्या मनात काय होतं ते कोर्ट बघेल. मला गुन्हा दाखल करायचा की नाही, एवढंच बघायचंय. कंपनी मालक नाही. साहेब प्रमुख आहेत, पण कागदावर प्रभारी या मॅडम आहेत. यांनी परवानगी नव्हती म्हटलं, तर मला लिहून घ्यावंच लागेल." ते माझ्याकडे वळले. "बोला मॅडम. होती की नव्हती?"

कोठावदे बाईंनी पहिल्यांदाच मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळून त्या फरशीकडे पाहत होत्या. इतके दिवस त्यांचं बोलणं ऐकून मला वाटलं होतं, त्या घाबरत नाहीत.

बाविस्कर साहेबांनी चष्मा परत घातला. त्यांनी मला खूण केली नाही, मान हलवली नाही. त्यांना काय दिसत होतं ते मला दिसत होतं. निळे पाइप, त्यांच्यावर वाळणारे कपडे.

"साहेब," मी आधी त्यांच्याशीच बोलले. "नाल्यापलीकडच्या लाइनसाठी मुदत आपण मागू. मी तुमच्याबरोबर येते, पथकासमोर उभी राहते. पण कारण खरं सांगू. गटारीजवळचा जोड गळत होता. यंत्राने ते रोज सांगितलं आणि आपण ऐकलं नाही, कारण त्यावर चाचणी लिहिलं होतं. मुदत मिळेल की नाही, मला माहीत नाही."

"नाही मिळणार," ते म्हणाले.

"कदाचित नाही मिळणार."

मग त्यांनी एक हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून. बोला, असं म्हणावं तसा.

मी गवांद्यांकडे वळले.

"लिहून घ्या. मी परवानगी दिली नव्हती, कारण ती द्यायला माझ्याकडे नव्हतीच. त्या पानाला कुलूप नव्हतं, आणि सतरा नंबरच्या नळाचं पाणी पिणाऱ्या बाईला सतरा नंबरचं पान वाचायला कोणाला विचारावं लागत नाही. तांबट आळीतल्यांनाही नाही. आज परत गेल्यावर मी सगळ्या पेट्यांची पानं उघडी करायला सांगणार आहे. प्रभारी मी आहे, आणि माझी तक्रार नाही."